उकडलेलं बी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चाराचं बी निवडणं. चार म्हणजे ज्याच्या बियांतून चारोळी निघते ते झाड. दुपार कलली होती. ओसरीत बारदाना अंथरला होता आणि मधे सूप. सुपाच्या एका अंगाला गमली, माझी बायको, दुसऱ्या अंगाला मी. ती खडे आणि किडकं बी बाजूला काढायची, मी चांगलं बी टोपल्यात लोटायचो. मधे एकदा उठून तिनं चहा केला, माझ्या कपात साखर जास्त टाकली आणि डॉक्टरनं साखर बंद सांगितली म्हणून वरून मलाच बोलली. मग पुन्हा बसली. एक बी तिनं उंबऱ्यावर ठेवून दगडानं फोडलं आणि आतला गर जिभेवर टाकला. निवडताना बाया असं करतातच, हात चालतो तसं तोंडही चालते. पण तिचं तोंड थांबलं. गर तिनं तळहातावर काढून उजेडाकडे धरला. दुसरं बी फोडलं, तिसरं फोडलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हे शिजलं हाय."

शिजलंच होतं. मीच शिजवलं होतं. ती आर्णीच्या बाजाराला गेली त्या दिवशी मागच्या अंगणात चूल पेटवली, मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि तिचं सगळं बी त्यात ओतून पाऊण घंटा उकडलं. मग सावलीत वाळवून जसंच्या तसं टोपल्यात भरलं. मला वाटलं होतं, ती उठेल, टोपलं उकिरड्यावर पालथं करेल, मला चार शिव्या देईल. तिनं तसं काही केलं नाही. सुपात उरलेलं बी होतं ते ती निवडत राहिली, खडा वेगळा, किडका दाणा वेगळा, आणि मी ते टोपल्यात लोटत राहिलो. मेलेलं बी आम्ही दोघांनी मिळून साफ केलं, सूप रिकामं होईपर्यंत.

असं मी का केलं हे सांगायचं तर माझ्या तरुणपणातलं एक वरीस आधी सांगावं लागेल. बी उकडायची विद्या मी त्या वर्षी शिकलो. शाळा माझी चौथीपर्यंत, म्हणून लिहिण्यात मागंपुढं होईल. घरात आम्ही आमची गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा बोलतो आणि बाहेरच्यांशी वऱ्हाडी. इथं ते सगळं मराठीत लिहून राह्यलो, कारण वाचणारे तुम्ही आहात.

आमच्या तांड्याच्या उगवतीला एक लांबट टेकाड आहे, त्याला बरडी म्हणतात. आमचे आजेपणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरायचे. ते फिरणं बंद झालं तेव्हा त्यांनी तांडा इथं ठोकला तो या बरडीसाठीच. खाली नाला आणि वर चारा, ढोरं पाळणाऱ्या माणसाला अजून काय लागते. माझ्या लहानपणी आमच्याकडे अठ्ठावीस ढोरं होती. पहाटे दावणीवरून ती सुटली की गळ्यातल्या लाकडी घंटांचा आवाज आधी अंगणात, मग नाल्यात, मग बरडीवर चढत जायचा, आणि माझी याडी, म्हणजे आई, त्या आवाजावरून चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायची की लंगडी गाय मागं राहिली, जा. ढोरांच्या मागं जाणं ही माझी शाळा. गुरुजी नुसते हजेरीपुरते.

खाणंही अर्धं बरडीवरूनच यायचं. शेतात कापूस आणि ज्वारी, बाकी सगळं वर. होळीच्या पुढंमागं मोहाची फुलं पडायची. याडी उजाडायच्या आत टोपलं घेऊन जायची आणि आमच्यासाठी झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असायची, म्हणजे फुलाला माती लागू नये. ती फुलं वाळवून, तव्यावर भाजून, तिळाबरोबर कुटली की त्याचे लाडू व्हायचे. काळे, चिकट, एक खाल्ला की दुपारपर्यंत भूक नाही. मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, मग चार. चार पिकला की जांभळा काळा होतो, जीभ रंगते, आणि त्याची बी आम्ही खिशात जमवून ठेवायचो. पावसाळा लागला की तरोट्याची भाजी आणि ज्वारीची बाटी. बाटी म्हणजे आमच्याकडची भाकर. वर घरचं तूप. आता माझ्या सुनेला हे सांगितलं तर तिला वाटते बुढा गरिबीचं कौतुक करून राह्यला. गरिबी होतीच. पण बरडी होती तोवर ती पोटाला फार लागत नव्हती.

माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जंगलखात्याचा नाकेदार तांड्यावर आला. माणूस चांगला होता. आमच्याच ओसरीत बसून त्यानं बाटी खाल्ली, तूप मागून घेतलं. त्यानं सांगितलं की बरडी विरळ झाली आहे, तिथं रोपवन करायचं. पाच वर्षं चराई बंद राहील, तार लागेल, त्यानंतर बरडी पुन्हा तुमचीच. चर खोदायचं आणि बी पेरायचं काम तांड्यालाच मिळेल, रोजी रोखीत. तो गेल्यावर नायकाच्या अंगणात माणसं बसली. नायक म्हणजे तांड्याचा मुखिया, त्याच्या तोंडून निघालं की ते झालं. तो एवढंच म्हणाला की सरकारच्या पाच वर्षांची पंधरा होतात, आणि तार लागली की तारेच्या आतला माणूस मालक होतो. कुठल्याशा तांड्याचं कुरण असंच गेलं म्हणे. कोणत्या तांड्याचं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण सगळ्यांनी माना हलवल्या. अठ्ठावीस ढोरं पाच वर्षं कुठं न्यायची, हे माझा बाप ज्याला त्याला विचारत राहिला.

काम नाकारलं तर बाहेरची माणसं आणून करतील, आणि रोजीही जाईल. तेव्हा नायकानं मार्ग काढला. जंगलवाल्यांची रीत अशी होती की पेरायच्या आदल्या दिवशी बियांची पोती घरोघर वाटायची, कारण कडक बी शेणकाल्यात भिजवल्याशिवाय फुटत नाही. ढोरं आमच्याकडे, शेण आमच्याकडे, म्हणून भिजवायचं काम आमच्यावर. नायक म्हणाला, भिजवू नका, उकडा. काम पण होईल, रोजी पण मिळेल आणि बरडी पण राहील. माणसं हसली. इतक्या सोप्या गोष्टीत कोणाला पाप दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. उलट मोठ्या माणसांनी मला पहिल्यांदाच बैठकीत बसवलं होतं, त्याचाच तोरा जास्त.

आमच्या वाट्याला मोह, बेहडा आणि सिवन आलं. सगळ्यात मोठं भांडं गमलीचं होतं, तिच्या बापानं लग्नात दिलेला पितळी गंज. माझ्या बापानं तो मागितला. सासऱ्यापुढं सून बोलत नव्हती त्या काळी, तिनं घुंगट ओढून गंज आणून ठेवला आणि जाळ घालायला बसली. दिवसभर पोती ओतली आणि काढली. सारं अंगण कडवट वाफेनं भरलं. मोहाच्या बियांचं तेल पाण्यावर तरंगायला लागलं तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "मोहाचं तरी सोडा. थो आपन खातो." मी तिला गप बस म्हटलं. नवरा होऊन वर्षही झालं नव्हतं, पण गप बस म्हणायला तेवढं पुरते.

दुसऱ्या दिवशी सगळा तांडा ओळीनं बरडीवर. नाकेदार पुढं चालायचा आणि दाखवायचा, दोन बोटं खोल, वरून माती हलकी, पायानं दाबू नका, त्याले श्वास लागते. त्यानं आपल्या हातानं बायांच्या हातात बी दिलं. आम्ही मेलेलं बी इतक्या काळजीनं पेरलं की जिवंत कधी पेरलं नसेल. मंगू, माझ्या वयाचा, माझा जिवाचा दोस्त, पेरता पेरता नाकेदाराच्या पाठीमागं त्याची नक्कल करायचा, आणि आम्ही तोंड दाबून हसायचो.

पाऊस त्या साली चांगला झाला. नाकेदार चौथ्या पाचव्या दिवशी यायचा, छत्री मिटवून चराच्या कडेला उकिडवा बसायचा आणि बोटानं माती उकरायचा. बी निघायचं ते कुजलेलं, बुरशी धरलेलं. तो ते वास घेऊन पाहायचा. एकदा मी ढोरं घेऊन खाली उभा होतो आणि बाप त्याच्याजवळ होता. त्यानं बापाला विचारलं, "कायले उगवत नसन, थावराभाऊ? मह्या हातून काही चुकलं काय?" माझा बाप म्हणाला, "तुमचं काय चुकणार, साहेब. जमीनच वांझ हाय." नाकेदारानं मान हलवली. कागदावर तेच गेलं असेल, कारण पुढच्या साली कोणी आलं नाही. तार लागली नाही. तांड्यानं बकरा कापला. मीही खाल्लं.

एकच गंमत झाली. कोण्या एका घरी बाभळीचं पोतं गेलं होतं आणि त्या घरी सरपण कमी पडलं. त्यांनी नुसतं गरम पाणी ओतून काम आटोपलं. कडक बीला गरम पाणी लागलं की ते उलट लवकर फुटते, हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. बरडीच्या दक्षिणेला बाभळीचं रान माजलं. पोट भरणारं सगळं आम्ही मारलं आणि काटा तेवढा जगवला. आजही तिकडून जाताना चप्पल काट्यांनी भरते.

बरडी वाचली म्हणून आम्ही खूश होतो. पण वाचलेल्या बरडीचं काय होते ते आम्ही पाहत राहिलो. सगळ्यांची ढोरं, सगळ्यांच्या बकऱ्या, आणि शेजारच्या गावाचीही, कारण मोकळी जागा कोणाची नसते. जुने मोह एकेक करून वादळात पडले, नवीन एकही नाही, कारण जे उगवायचं ते दोन पानांवर असतानाच चरून जायचं. चाराची तर वेगळीच गोष्ट. फळ हिरवं असतानाच लोक झोडपून न्यायचे. आपण नाही झोडपलं तर दुसरा झोडपेल, या भेवानं कोणी पिकूच दिलं नाही. मग चारा तुटला. मग बापानं ढोरं विकली, आधी आठ, मग दहा, मग लंगडी गाय सोडून सगळी. ज्या ढोरांसाठी बी उकडलं ती ढोरं बरडीच्या आधी गेली. घंटा काढून याडीनं खुंटीला अडकवल्या, आणि सकाळ तिला कळेनाशी झाली. उजाडलं का, असं ती विचारायची. माझं लहानपण कधी संपलं असं कोणी विचारलं तर मी तेच सांगतो. लग्नानं नाही संपलं, त्या मुक्या सकाळीनं संपलं.

आता अलीकडचं. दोन वर्षांपूर्वी यवतमाळकडून एक पोरगी यायला लागली, वैशाली नावाची. कोण्या संस्थेची. आली ती सरळ बरडीवर गेली, खणून माती पाहिली, मोबाईलवर फोटो घेतले आणि बायांना जमवून म्हणाली की इथं पुन्हा जंगल उभं करू, तुमचंच, जुन्या झाडांचं, बाहेरचं एक रोप आणायचं नाही. बी तुम्हीच जमवायचं, रोपं तुम्हीच करायची, राखणही तुमचीच. मी मागं उभा राहून ऐकलं. फुकट कोणी कोणाला सावली देत नाही हे मला ठाऊक आहे. मी तिला विचारलं की यात तुझं काय. ती म्हणाली, काका, माझी नोकरी आहे. मग मी म्हटलं, नोकरी देणाऱ्याचं काय. तिला नीट सांगता आलं नाही. कोणी म्हणे कंपन्या जंगलाची हवा विकत घेतात. हवा विकत घेणारा उद्या चारा, लाकूड, मोहाचं फूल, सगळ्यावर हक्क सांगेल. बरडी सरकारी ई-क्लासची, म्हणजे गुरं चारायला सोडलेली जमीन, कागद आमच्या नावावर नाही, नुसती वहिवाट. तार कुठं लागणार विचारलं तर ती म्हणाली, तार नाही, तुम्ही ठरवाल तशी बंदी. बंदी हा शब्द मी दुसऱ्यांदा ऐकत होतो.

मंगूही माझ्याच मताचा. आम्ही दोघं बुढे पारावर बसून त्या पोरीच्या गाडीचा नंबर कुठल्या जिल्ह्याचा ते पाहायचो. ती चप्पल काढून तांड्यात शिरली तर म्हणायचो नाटक करते, चप्पल घालून आली तर म्हणायचो माज आहे. पण बाया तिच्या झाल्या होत्या. आणि सगळ्यात पुढं गमली.

बरडीवर, नाल्याच्या कडेला चाराचं एकच जुनं झाड उरलं आहे. या साली गमलीनं ठरवलं की त्याचं फळ पिकू द्यायचं. बारा दिवस ती त्या झाडाखाली बसली, वैशाखाच्या उन्हात, डोक्यावर ओलं फडकं, सोबत पाण्याची कॅन. झोडपायला येणाऱ्याला हाकलायची, पाखरांना नाही. पिकून पडलेलं तेवढंच वेचायची. मग राखेत चोळून साल काढायची, धुवायची, सावलीत वाळवायची. मी रोज बोलत होतो की त्या पोरीसाठी मरशील. ती म्हणाली पोरीसाठी नाही. कोणासाठी ते मी विचारलं नाही, मला वाटलं मला माहीत आहे की तिला भुलवलं आहे. चाराचं रोप अवघड, बी लवकर मरते, म्हणून सगळ्यांचा डोळा तिच्या टोपल्यावर होता. ते उगवलं तर उरलेला तांडाही ग्रामसभेत बंदीसाठी हात वर करणार होता. आणि ते उगवलं नाही तर पोरगी गाडी घेऊन परत जाणार होती. हा हिशोब मी केला आणि चूल पेटवली. मला बरडी वाचवायची होती. बापालाही तीच वाचवायची होती.

म्हणून त्या दुपारी सूप रिकामं झाल्यावर ती जे बोलली ते ऐका. बारदाना झटकून घडी करत होती. भांडणाचा आवाज नव्हता. म्हणाली, "तवा तुमचा बा होता सांगाले. आता कोन होता?"

संध्याकाळी तिनं बाटी आणि भेंडीची भाजी केली, मला वाढलं, स्वतः जेवली. सकाळी अंगण झाडायला उठली आणि झाडू हातात असतानाच भिंतीला धरून खाली बसली. मी पाणी आणलं तोवर तिनं डोळे फिरवले. दवाखान्याची गाडी बोलावली होती, ती पोचली तेव्हा न्यायला जिवंत माणूस उरलं नव्हतं. मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर आहे, तो दुपारी आला. नाल्याकाठी तिला अग्नी दिला तेव्हा ऊन उतरलं होतं.

वैशाली आली होती. बायांमध्ये बसून रडत होती. ते रडणं मी बारकाईनं पाहिलं, खोटं असेल तर सापडावं म्हणून. सापडलं नाही. परतताना ती माझ्या मुलाला म्हणाली की काकूंचं बी आम्ही उद्या सकाळीच लावतो, थांबलं तर मरेल. सगळ्या बाया मिळून लावू, तिच्या नावाची वेगळी ओळ करू. मुलानं घरातून टोपलं काढून तिच्या हाती दिलं. मी पाहत होतो.

मंगू मला घरापर्यंत सोडायला आला. त्याला मी सांगितलं, बी कसं आहे ते. त्यानं मागं कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, "गप राह्य. उगवलं नाही का आपलंच भलं हाय. कोनाले कळते?" त्यात खोटं काही नव्हतं. कोणाला कळलं नसतं. महिनाभर बाया झारीनं पाणी घालत राहिल्या असत्या, त्या ओळीपुढं उकिडव्या बसून बोटानं माती उकरत राहिल्या असत्या, आणि मग एखादी बोलली असती की गमलीच्या हाताचं काही लागलं नाही. बाकीच्यांनी माना हलवल्या असत्या. तांड्यात असं एकदा बोललं गेलं की ते माणसाच्या नावामागं पिढ्यान् पिढ्या चालते. जमिनीला आम्ही एकदा वांझ म्हटलं होतं, ते अजून कोणी पुसलं नाही.

सकाळी सुतक असताना घराबाहेर पडू नको, लोक काय म्हणतील, असं मुलगा म्हणाला. मी काठी घेतली आणि निघालो. रोपवाटिका शाळेच्या मागं आहे. बाया ओळीनं बसल्या होत्या, मातीनं भरलेल्या पिशव्या पुढं, आणि मधे गमलीचं टोपलं, त्यावर कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. मला पाहून सगळ्या उठल्या. मी म्हटलं, "ते पेरू नका. म्या उकडलं ते. तिले माहीत नव्हतं."

कोणाला आधी समजलंच नाही. वैशालीनं एक बी फोडून पाहिलं आणि खाली ठेवलं. तिनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मंगूची बायको केसली तिथं होती. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बारा दिवस उनात बसली थे. तुमच्या घरच्या भाकरी करून बसली." मी म्हटलं, मले माहीत हाय. मग केसली म्हणाली की नुसतं माहीत असून काय करता, आणि पदर खोचून बाजूला झाली.

थोड्या वेळानं वैशाली बोलली, माझ्याशी नाही, बायांशी. झाडाच्या शेंड्याला अजून थोडं फळ आहे, आठ दहा दिवसांत पडेल. पण कोणी राखलं तर. नाही तर झोडपून नेतील. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेतात पेरणीपूर्वीची कामं, कोणाला आठ दिवस नव्हते. मी म्हटलं, मी बसतो. मला दुसरं काही काम नाही.

मग केसली म्हणाली, "याच्यावर भरोसा कायचा?" हे ती माझ्याकडे बोट करून, माझ्यादेखत म्हणाली, आणि एकाही बाईनं तिला गप केलं नाही. शेवटी तिनंच ठरवलं की आपण सोबत बसू.

ऊन चढायच्या आत आम्ही बरडी चढलो. मी पुढं, ती दहा पावलं मागं. झाडाखाली गमलीनं झाडून ठेवलेली जागा तशीच होती, नुसती दोन पानं पडलेली. मी बुंध्याच्या एका बाजूला बसलो. केसली दुसऱ्या बाजूला, पाण्याची कॅन मांडीशी घेऊन. मी वर शेंड्याकडे पाहत होतो. ती वर पाहत नव्हती. तिची नजर माझ्या हातांवर होती, आणि मी हात तिला दिसतील असे गुडघ्यांवर ठेवून बसलो.